विषय: आखाजीच्या गाण्यांचा सॅम्पल रेट आणि सॉक्सची नवी आवृत्ती

आदरणीय काका,
सादर नमस्कार. आपण अमळनेरहून पाठवलेली आजींच्या आखाजीच्या (खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेच्या सणाच्या) गाण्यांची फाइल कार्यक्रमाच्या व्हिडिओत घ्यायची असल्याने मी तिचा सॅम्पल रेट, म्हणजे दर सेकंदाच्या आवाजाच्या नमुन्यांची संख्या, 44,100 हर्ट्झवरून 48,000 हर्ट्झवर न्यावा, असे ठरवले. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकच्या मेनूतून रेट 48,000 निवडला, फाइल साठवली आणि खात्रीसाठी ती नव्याने बसवलेल्या सॉक्स-एनजीमधूनही (सॉक्स या ध्वनिरूपांतराच्या सॉफ्टवेअरच्या नव्या शाखेतूनही) काढली. आता आजींचा आवाज एखाद्या लहान मुलीसारखा बारीक आणि घाईचा येतो. नव्या आवृत्तीत काही दोष असावा का? तसे असल्यास मी जुन्या 14.4.2 कडे परत जाईन.
आपली नम्र,
ध्वनिव्यवस्था पाहणारी सदस्या

चि. ताई,
अनेक आशीर्वाद. आपल्या मेलिंग लिस्टवरच्या इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितो. दोष सॉक्सचा नाही. जुनी 14.4.2 ही आवृत्ती 2015 मधली आहे आणि तिच्यातल्या साचलेल्या चुका निस्तरण्यासाठीच सॉक्स-एनजी ही शाखा निघाली, तेव्हा नवीच ठेव.

ट्रॅकच्या मेनूतला रेट बदलला की नमुने तेच राहतात, फक्त ते सेकंदाला 44,100 ऐवजी 48,000 या वेगाने वाजवावेत अशी पाटी त्यांच्यावर लागते. त्यामुळे गाणे जवळजवळ 9 टक्के जलद होते, स्वर दीड श्रुती नव्हे, तर जवळजवळ दीड अर्धस्वर वर चढतो आणि कॅसेटची 45 मिनिटांची बाजू 41 मिनिटे 20 सेकंदांत संपते. अशी फाइल सॉक्सला दिली, तर ती आधीच 48,000 ची आहे असे समजून ते तिला हातही लावत नाही. खरे रूपांतर म्हणजे दर 147 जुन्या नमुन्यांच्या जागी 160 नवे नमुने गणिताने काढणे. ऑडॅसिटीत ते 'रीसॅम्पल' या वेगळ्या आज्ञेने होते.

पडताळणीची एक खूण सांगतो. या कॅसेटी मी घरीच संगणकावर उतरवल्या, त्यामुळे गाण्यांच्या मधल्या शांततेत आपल्याकडच्या विजेची 50 हर्ट्झची बारीक घरघर उतरली आहे. तुझ्या फाइलच्या स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या कंप्रतेचा आवाज किती आहे, हे दाखवणाऱ्या आलेखात) ती रेघ 54.4 हर्ट्झच्या आसपास दिसली, तर पाटी चुकली आहे हे नक्की समज.

आता 44,100 ची प्रत बाजूला ठेव. माझ्याकडे 96,000 हर्ट्झ, 24 बिटची मूळ प्रत आहे. मोनो असूनही एका बाजूला सुमारे 778 एमबी लागतात, म्हणून आधी पाठवली नव्हती, ती आज चढवतो. तिच्यावरून थेट 48,000 वर एकदाच ये, कारण रूपांतरावर रूपांतर करण्याचे काहीच कारण नाही. सॉक्सच्या 'रेट' या आज्ञेला 'अतिउच्च' दर्जाचा पर्याय दे आणि आधी आवाज एक-दोन डेसिबलने उतरव. रूपांतरात 24,000 हर्ट्झच्या वरचा भाग गाळला जातो, तेव्हा लाटेचा माथा अधिक उंच निघू शकतो, आणि आईचा वरचा सूर आधीच आवाजाच्या कमाल मर्यादेच्या काठाला टेकलेला आहे.

माझा आग्रह एवढ्यासाठीच, की ही गाणी झोक्याच्या लयीत म्हटलेली आहेत. सासुरवाशिणी माहेरी आल्या की लिंबाला झोका बांधायचा आणि त्याच्या येण्याजाण्यावर गौराईची गाणी धरायची. लय 9 टक्क्यांनी पळाली, तर त्या गाण्यावर कोणाला झोका घेता येणार नाही.
तुझा,
काका

आदरणीय काका,
रेघ 54.4 वरच निघाली. मूळ प्रतीवरून सांगितल्याप्रमाणे रूपांतर केले. बाजू आता पूर्ण 45 मिनिटांची आहे आणि घरघर बरोबर 50 वर आहे. बाराव्या मिनिटाला ओळ संपते तिथे एक कुरकुर येते, तिला मी आधी टेपचा खराबा समजून कापणार होते. आता ती झोक्याची कडी आहे हे स्पष्ट कळते, म्हणून ती तशीच ठेवली आहे. कानबाई या खानदेशातल्या देवीच्या गाण्यांच्या कॅसेटींच्याही 96,000 च्याच प्रती पाठवाव्यात, ही विनंती.
आपली नम्र,
ध्वनिव्यवस्था पाहणारी सदस्या