मोयिन-मोयिन बसतंय, काय करू?

नमस्कार मंडळी,
इथे नायजेरियात, लागोसमध्ये, शेजारच्या योरुबा आजींनी दिलेलं मोयिन-मोयिन (वाटलेल्या चवळीचा वाफवलेला पदार्थ) खाल्लं आणि घरात सगळ्यांना त्याचं वेड लागलं. काल स्वतः केलं. चवळी रात्रभर भिजवली, सालांसकट वाटली, वाट्यांत ओतून वाफवली. तळाशी घट्ट थर, वर पाणी आणि रंग मातकट. कुठे चुकलं?
– सुरुलेरेहून

अगं,
सगळी मेहनत सालं काढण्यातच असते. चवळी दहा-पंधरा मिनिटंच भिजव आणि पाण्यातच दोन्ही हातांनी चोळ. सालं वर तरंगतात, ती ओतून टाक, पुन्हा पाणी घे. पाच-सहा पाण्यांनी दाणे पांढरेशुभ्र होतात, काळा डोळासुद्धा सालाबरोबर जातो. मग तासभर भिजू दे.

दोन वाट्या चवळीला दोन ताताशे (लाल, गोडसर मिरची), एक कांदा, एक ‘आता रोदो’ (इथली छोटी, फार तिखट मिरची). रोदो जपून घाल, आपल्या लवंगीपेक्षा जहाल असते. अगदी गंधासारखं मऊ वाट, हाताला रवा लागता कामा नये. मीठ आणि अर्धी वाटी तेल घालून खूप फेट. पीठ पळीवरून सलग धारेने पडावं, पण पाण्यासारखं नको. तुझं पातळ झालं असणार आणि फेटून तसंच ठेवलं असशील, म्हणून चोथा खाली बसला. दर वेळी ओतण्याआधी तळापासून ढवळ.

वाट्या चालतात, पण एकदा एवे एरानच्या, म्हणजे इथे मोयिन-मोयिन बांधायला वापरतात त्या रुंद पानात करून बघच. पानाचा द्रोण वळायचा, टोक मागे दुमडायचं, पीठ भरून तोंड मिटायचं. पानांचे देठ पातेल्याच्या तळाशी अंथरायचे, म्हणजे पुड्या पाण्यात बुडत नाहीत. पाऊण ते एक तास वाफव. झाकण उघडलं की येणारा तो हिरवा वास मला दर वेळी हळदीच्या पानातल्या पातोळ्यांकडे नेतो.

आत अंडं, मासा असं सात प्रकारचं घातलं की त्याला एलेमी मेजे म्हणतात, सात जिवांचं.
– इकेजाहून

काकू, आम्ही शाकाहारी. चालेल ना?
– सुरुलेरेहून

अगदी चालेल. फक्त विकतच्यात सुक्या झिंग्यांची पूड बहुतेक असतेच, तेव्हा विचारून घे. शनिवारी ओयिंगबो बाजारात जाते आहे. पानं हवी असतील तर शुक्रवारपर्यंत कळव, तुझी जुडी वेगळी आणते.
– इकेजाहून