ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून दिली जाणारी थेरपी), झोका आणि टॅब, तिन्ही एकदम चालू करायचं का?

प्रश्न: मुलगा साडेतीनचा, अजून बोलत नाही, मिक्सर लावला की कान झाकून पलंगाखाली जातो. थेरपी सेंटरवाले म्हणतायत ओटी, सेन्सरी (झोका, स्पर्श वगैरेंचे व्यायाम) आणि टॅबवरचे ब्रेन गेम असं पॅकेज घ्या. कुणी केलंय का?

उत्तर १: आमच्या लेकीला आधी झोका, मग बॉलवर पालथं, मग लगेच टेबलावर मणी ओवणं हा क्रम लागू पडला. घरी मी कणीक मळायला द्यायचे, फुकटात सेन्सरी 😄

उत्तर २: ब्रेन गेमवर पैसे घालू नका असं माझं मत. डब्ल्यूएचओनं २०१९ लाच सांगितलंय की या वयात स्क्रीन तासाभराच्या आत. चित्रावर बोट ठेवलं की बोलणारं अ‍ॅप वेगळं, ते स्पीचवाल्या ताईंना विचारून घ्या. आणि कानाची टेस्ट केली का?

प्रश्नकर्ती: केली, नॉर्मल आहे.

उत्तर २: मग जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) विचारा, मोफत असतं.