आईच्या ठिसूळ हाडांसाठी व्हायब्रेशन प्लेटचा उपयोग होतो का?

नौपाड्याची लेक:
माझी आई ६८ वर्षांची आहे. मागच्या महिन्यातील डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजणाऱ्या) तिच्या कण्याचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे २.८ आला, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच (हाडे ठिसूळ होण्याचा आजार). डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची, हाडांची झीज रोखणारी अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी दिली आहे. पण ती उपाशीपोटी घेऊन अर्धा तास आडवे व्हायचे नाही, हे ऐकूनच आई धास्तावली. त्यातच घोडबंदर रस्त्यावरील एका केंद्रात तिला सांगण्यात आले, की थरथरणाऱ्या प्लेटवर रोज पंधरा मिनिटे उभे राहिल्यास हाडे भरून येतात आणि गोळीची गरज उरत नाही. यात कितपत तथ्य आहे?

वाशीतील फिजिओथेरपिस्ट:
गोळीची गरज उरत नाही, हे विधान चुकीचे आहे आणि आपल्या आईंच्या बाबतीत धोक्याचेही आहे.

या कल्पनेला शास्त्रीय आधार मुळीच नाही, असे मात्र नाही. हाडावर ताण पडला की ते स्वतःला बळकट करते. अमेरिकी संशोधक क्लिंटन रुबिन यांच्या गटाने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मेंढ्यांच्या मागच्या पायांना वर्षभर रोज २० मिनिटे अतिशय सौम्य कंपने दिली, तेव्हा मांडीच्या हाडाच्या आतील जाळीदार भागाची घनता ३४ टक्क्यांनी वाढली. सारी आशा तिथून निर्माण झाली. माणसांत ती टिकली नाही. टोरांटोमध्ये हाडांची घनता कमी असलेल्या, रजोनिवृत्ती झालेल्या २०२ स्त्रियांवर वर्षभर अभ्यास झाला (२०११). रोज प्लेटवर उभ्या राहणाऱ्या आणि न राहणाऱ्या स्त्रियांच्या घनतेत लक्षणीय फरक आढळला नाही. हाँगकाँगमध्ये ७१० ज्येष्ठ स्त्रियांवर १८ महिने झालेल्या अभ्यासातही घनता वाढली नाही, परंतु मांडीच्या स्नायूंची ताकद व तोल सुधारला आणि पडण्याचे प्रमाण घटले. खुब्याचे हाड बहुधा पडल्यानेच मोडते, म्हणून हा लाभ मी कमी लेखत नाही. मात्र तो औषधाच्या जोडीला हवा, औषधाच्या जागी नव्हे.

ऐरोलीकर:
अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये कमरेला बांधायच्या एका कंपनपट्ट्याला मान्यता मिळाली, ती ऑस्टिओपीनियासाठी, म्हणजे घनता घटलेली आहे पण ऑस्टिओपोरोसिसच्या पातळीला गेलेली नाही, अशा अवस्थेसाठी. आपल्या आई त्या टप्प्याच्या पुढे आहेत. शिवाय मणका नुकताच दबला असेल, पायात रक्ताची गुठळी असेल किंवा डोळ्याचा पडदा सरकण्याचा त्रास असेल, तर प्लेटवर चढूच नये. माझ्या सासूबाईंना अशाच एका ठिकाणी यांपैकी एकही प्रश्न विचारला गेला नव्हता, याची मला आजही चीड येते.

नौपाड्याची लेक:
मनापासून आभार. मग व्यायाम कोणता करावा? आई रोज तलावपाळीला फेरी मारते.

वाशीतील फिजिओथेरपिस्ट:
चालणे चालू ठेवावे, पण त्याने घनता फारशी वाढत नाही. त्याला वजनाच्या व्यायामाची जोड हवी. ऑस्ट्रेलियात देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा तास जड वजने उचलणाऱ्या स्त्रियांच्या कण्याची घनता आठ महिन्यांत सुमारे ३ टक्के वाढली. आईंनी सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता उठण्यापासून करावी. कंबरेतून वाकून काही उचलू नये. गोळीची भीती जातच नसेल, तर वर्षातून एकदा शिरेतून देतात त्या झोलेड्रोनिक अ‍ॅसिडविषयी डॉक्टरांना विचारा. त्याआधी मूत्रपिंडाचे कार्य, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासावे लागते, आणि दात काढायचा असेल तर तेही आधीच सांगा.