मदत हवी आहे: अर्ध्या टाकीनंतर इंधनाचा काटा शून्यावर जातो

माझ्याकडे कार्ब्युरेटरची जुनी पेट्रोल गाडी आहे. टाकी भरल्यापासून अर्धी होईपर्यंत इंधनाचा काटा बरोबर दाखवतो. त्यानंतर मात्र तो संथपणे शून्यावर उतरतो आणि पेट्रोल पाव टाकीच्या खाली गेले की पुन्हा वर येऊन खरी पातळी दाखवू लागतो. तापमानाचा काटा व्यवस्थित चालतो, त्यामुळे दोन्ही मीटरना सुमारे १० व्होल्ट पुरवणारा व्होल्टेज स्टॅबिलायझर ठीक असावा, असे मी धरून चाललो आहे.

टाकीवरच्या सेंडिंग युनिटची (तरंगत्या फ्लोटची दांडी हलेल तसा विजेला होणारा रोध बदलून मीटरला पातळी कळवणारा भाग; माझ्याकडे पातळी उतरेल तसा रोध वाढतो) वायर काढली की काटा शून्यावर जातो. तीच वायर मध्ये एक लहान रेझिस्टर घालून बॉडीला जोडली, तेव्हा काटा भरलेल्या टाकीच्या खुणेकडे चढला. (बायमेटलच्या, म्हणजे तापल्यावर वाकणाऱ्या दोन धातूंच्या पातीवर चालणाऱ्या मीटरची वायर थेट बॉडीला जोडून धरून ठेवली, तर आतली तापणारी तार जळू शकते.) म्हणजे मीटर आणि तिथपर्यंतची वायर निर्दोष दिसते. आता संशय युनिटमधल्या रोधाच्या पट्टीवर (जिच्यावरून दांडीचा संपर्क सरकतो) किंवा टाकीच्या अर्थिंगवर (बॉडीशी असलेल्या विजेच्या जोडणीवर) आहे. टाकी न उघडता यांतला नेमका दोष कसा ओळखावा? पट्टीच झिजली असेल, तर संपूर्ण युनिट बदलावे लागेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर:

आपण दिलेल्या लक्षणांवरून मला पट्टीचाच दोष वाटतो. अर्थिंग कमजोर असते, तर तिथला जादा रोध प्रत्येक पातळीला मिळवला गेला असता आणि टाकी काठोकाठ भरूनही काटा वरच्या खुणेपर्यंत पोहोचला नसता. फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरले असते, तर काटा सदैव रिकामी टाकीच दाखवत राहिला असता. शिवाय बायमेटलचा मीटर संथ असल्याने क्षणभर तुटलेला संपर्क त्यावर उमटत नाही. आपला काटा पार शून्यावर जातो, म्हणजे त्या टप्प्यात संपर्क बराच वेळ तुटलेला राहतो.

खात्री करण्यासाठी पेट्रोल नेमके त्या सदोष टप्प्यात असताना इग्निशन बंद करून युनिटची वायर काढावी आणि मल्टिमीटरने आधी टर्मिनल व युनिटचे स्वतःचे धातूचे आवरण यांच्यातील, मग टर्मिनल व गाडीची बॉडी यांच्यातील रोध मोजावा. पहिल्याच मापात सर्किट तुटलेले दिसले, तर पट्टी खराब आहे. पहिले माप ठीक आणि दुसरे तुटलेले आले, तर अर्थिंगची वायर साफ करून काम भागेल.

युनिट काढावेच लागले, तर बॅटरीची ऋण वायर आधी सोडावी, काम मोकळ्या हवेत करावे आणि लॉक रिंग (युनिट टाकीला घट्ट धरणारे कडे) लाकडाच्या किंवा पितळेच्या ठोकळ्यानेच फिरवावी, कारण पोलादावर पोलाद आदळून ठिणगी पडू शकते. युनिट टाकीच्या बाजूला बसवलेले असेल, तर पेट्रोल आधी त्या भोकाच्या खाली आणावे लागते. बाहेर काढल्यावर दांडी सावकाश फिरवून काट्याच्या मल्टिमीटरवर पाहावे. डिजिटल मीटर लहान खंड सहज चुकवतो. सरकणारा संपर्क किंचित वाकवून तो रोधाच्या पट्टीच्या न झिजलेल्या कडेवरून सरकेल असा केला, तर काही काळ निभावते, पण माझ्या मते नवे युनिट आणि नवे गॅस्केट घालणेच बरे. मात्र घेताना ओहम जुळवून पाहावेत: काही युनिटे रिकाम्या टाकीला २४० आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम देतात, तर काही रिकाम्या टाकीला ० आणि भरलेल्या टाकीला ९०. हा दुसरा प्रकार आपल्या मीटरला जोडला, तर काटा उलटा चालेल.