स्विस मतदारांनी वारसाकर पाडला: शहाणपण की धास्ती?

झुरिककर
३० नोव्हेंबर २०२५ च्या सार्वमतात तरुण समाजवाद्यांचा प्रस्ताव होता: ५ कोटी फ्रँकच्या वरच्या वारशावर आणि बक्षीसपत्रावर ५० टक्के केंद्रीय कर, पैसा हवामानबदलाच्या कामाला. सरकारी अंदाजाने देशात एवढी मालमत्ता असलेले जेमतेम अडीच हजार करदाते. तरी ७८ टक्के मतं विरोधात, एकही कँटन (म्हणजे इथलं राज्य) बाजूने नाही. ज्यांच्या सात पिढ्यांना हा कर लागणार नाही, त्यांनीच तो पाडला! रेल्वेगाड्या बनवणाऱ्या श्टाडलर कंपनीचे बडे भागधारक पेटर श्पूलर २०२४ मध्येच म्हणाले होते की देश सोडावा लागेल. तेव्हापासून तेच तुणतुणं. ही सरळसरळ धमकी आहे.

हिशेबनीस
धमकी कसली? त्यांची संपत्ती नोटांच्या थप्प्यांत नाही, कंपनीच्या शेअर्समध्ये आहे. कर भरायला वारसांनी काय विकायचं, रुळावरचे डबे? शिवाय कँटन दरवर्षी संपत्तीकर घेतातच. वारसाकरही त्यांच्याच हातात: नवरा-बायकोला सगळीकडे माफ, मुलांना बहुतेक ठिकाणी माफ, श्वित्स कँटनमध्ये तर मुळात नाहीच. बडा करदाता उठून गेला की दरवर्षीचं उत्पन्न बुडतं, आणि खड्डा भरायला शेवटी नर्स आणि मास्तरच सापडतात. लोकांनी स्वतःच्याच खिशाकडे बघून मत दिलं.

झुरिककर
मग २०१५ च्या सार्वमताचं काय? तेव्हा २० लाख फ्रँकच्या वरच्या वारशावर फक्त २० टक्के मागितले होते, मोठा वाटा म्हातारपणाच्या पेन्शनला. तोही ७१ टक्क्यांनी आपटला.

अर्धापुणेरी
अहो, झुरिकमध्ये २० लाखांत बंगला सोडा, बरा फ्लॅट येतो. घरवाले बिथरणारच.
(अवांतर: आपल्याकडे १९५३ ते १९८५ इस्टेट ड्यूटी होती, दर ८५ टक्क्यांपर्यंत चढला होता. वसुली किरकोळ, म्हणून अर्थमंत्री वि. प्र. सिंगांनी रद्द केली. लावताना लोकांना विचारलं नाही, काढतानाही नाही. २०२४ च्या निवडणुकीत पित्रोदांनी अमेरिकेतल्या वारसाकराचा नुसता विषय काढला, तर केवढा धुरळा!)

खडूस_मावशी
बहुमत म्हणजे अक्कल असं धरून चाललाय सगळे. याच देशातल्या पुरुषांनी १९५९ मध्ये बायकांचा मताधिकार मत देऊनच नाकारला होता. १९७१ उजाडावं लागलं.

हिशेबनीस
मावशी, मान्य. पण याच मतदारांनी २०१३ मध्ये कंपन्यांच्या बड्या साहेबांच्या पगारांना लगाम घालणारा प्रस्ताव ६८ टक्क्यांनी मंजूर केला, २०२४ मध्ये तेरावं पेन्शनही (वर्षाला एक जादा हप्ता). श्रीमंतांना टरकणारे लोक असं करतील?

झुरिककर
हा मुद्दा बिनतोड आहे, कबूल. पण मतदान ४३ टक्क्यांच्या आसपास, आणि इथल्या चारातल्या एकाहून जास्त रहिवाशांना, म्हणजे माझ्यासारख्या परदेशी नागरिकांना, मतच नाही. कर मी भरतो, मतपत्रिकेचं पाकीट शेजारच्या आजींकडे येतं. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "अर्धं कुणाकडे मागू नये."

खडूस_मावशी
आणि २०१५ ला, पाचवा हिस्सा मागितला होता तेव्हा?

झुरिककर
तेव्हाही नाहीच म्हणाल्या होत्या. कारण आता आठवत नाही म्हणे.