रिचर्ड्स बे ते केप टाउन: वारा पाठीशी असताना पण बंदरात का थांबायचं?

नवी_क्रू:
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं 38 फुटी शिडाच्या बोटीवर हिंदी महासागर ओलांडून दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रिचर्ड्स बेला पोचलोय, आता पुढे डर्बन, ईस्ट लंडन करत केप टाउन गाठायचंय. क्रूमध्ये सगळ्यात नवी मीच. इथे येऊन बरेच दिवस झाले, सगळं आवरून दोर सोडायच्या बेतात असताना स्किपरनी नाही म्हटलं असंही झालंय. काल तर आकाश निळंशार, ईशान्येचा मस्त वारा म्हणजे आम्हाला अगदी पाठीशी, शेजारची एक बोट निघूनही गेली आणि आम्ही आपले धक्क्यालाच. स्किपरवर माझा पूर्ण विश्वास आहे, वाद घालायचा नाहीये, पण ते नक्की कशाची वाट बघतायत हे मला नीट समजून घ्यायचंय. शिवाय एकाचं परतीचं विमानाचं तिकीट काढलेलं आहे, त्यामुळे रोज संध्याकाळी तोच विषय निघतो आणि चिडचिड होते. तुम्ही लोक हे कसं हाताळता?

दर्यावर्दी:
तुमचे स्किपर अगदी बरोबर करतायत. त्या किनाऱ्याला लागून अगुल्हास प्रवाह नैर्ऋत्येकडे वाहतो, काही ठिकाणी 4-5 नॉटनी (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). ईशान्य वारा असला की वारा आणि प्रवाह दोन्ही पाठीशी, बोट सुसाट जाते. पण वारा नैर्ऋत्येला फिरला की तो थेट प्रवाहाच्या तोंडावर येतो आणि लाटा आखूड, उभ्या होतात, पुढच्या बाजूला खोल खड्डा असलेल्या. तिथल्या सागरी नकाशांवरच इशारा छापलेला असतो की 20 मीटरपर्यंतच्या लाटा येऊ शकतात. 1909 मध्ये वाराता नावाची मोठी प्रवासी आगबोट डर्बनहून केप टाउनला निघाली ती 211 माणसांसकट नाहीशी झाली, तिचं काय झालं ते आजपर्यंत कळलेलं नाही. 1968 मध्ये वर्ल्ड ग्लोरी नावाचा तेलाचा टँकर याच समुद्रात लाटांनी मोडून त्याचे दोन तुकडे झाले. टँकरची ही गत, मग 38 फुटी बोटीला तिथे किती जपायला हवं ते बघा.

आता तुमच्या निळ्या आकाशाचं. तिथे ईशान्य वारा वाढत जातो तेव्हा बॅरोमीटर उतरत असतो, कारण पुढचा कमी दाबाचा पट्टा जवळ येत असतो. मग वारा एकदम पडतो, थोडा वेळ शांतता, आणि काही मिनिटांत नैर्ऋत्येचा जोरदार वारा. म्हणजे काल तुम्हाला जे आदर्श वाटलं तो बहुतेक विंडोचा, म्हणजे दोन वादळी वाऱ्यांमधल्या सुरक्षित प्रवासाच्या वेळेचा, शेवट होता. निघायची वेळ उलटी असते, नैर्ऋत्येचा वारा मरत आला, बॅरोमीटर चढून चढून थांबला, बाहेर अजून जरा गार आणि नकोसं वाटतंय, तेव्हा दोर सोडायचे. मग पुढे येणारा अख्खा ईशान्य वारा तुमच्या हातात राहतो.

डर्बनपर्यंतचा टप्पा 90 मैलांच्या आसपास, तो त्या मानाने सोपा. डर्बन ते ईस्ट लंडन मात्र सुमारे 250 सागरी मैल आणि मध्ये शिरता येईल असं भरवशाचं एकही बंदर नाही. बोटीचे 6 नॉट अधिक प्रवाहाचे 3 धरले तर 28 तास, प्रवाह नीट नाही मिळाला तर 42. म्हणून तिथे विंडो मोजायची ती 42 तासांची, 28 ची नाही.

ग्रिबप्रेमी:
वरच्या सगळ्याला अनुमोदन, फक्त अंदाज वाचण्याबद्दल थोडं. दक्षिण गोलार्धात हे फ्रंट, म्हणजे नैर्ऋत्य वारा घेऊन येणाऱ्या थंड हवेच्या आघाड्या, पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात, म्हणजे नैर्ऋत्य वारा आधी केप टाउनला, मग मोसेल बे, पोर्ट एलिझाबेथ, ईस्ट लंडन आणि शेवटी डर्बनला पोचतो. तुम्ही जाताय बरोब्बर त्याच्या दिशेने! त्यामुळे रिचर्ड्स बेचा अंदाज बघून 'दोन दिवस आहेत' म्हणणं फसवं आहे, तो तुम्हाला वाटेत त्याआधीच भेटणार, म्हणून मुक्कामाच्या बंदराचा अंदाज बघायचा आणि त्यातूनही 6-8 तास वजा करायचे. पोर्ट एलिझाबेथला प्रत्यक्ष वारा फिरला का हे बघत राहिलं तर मॉडेलपेक्षा, म्हणजे संगणकाने काढलेल्या हवामान अंदाजापेक्षा, जास्त खात्रीचं कळतं.

दुसरं, एकाच मॉडेलवर विसंबू नका. अमेरिकन मॉडेल जीएफएस दर 6 तासांनी नव्याने चालतं, युरोपियन वेगळं, दोन्ही शेजारी ठेवायची. दोघांचं जमतंय आणि सलग तीन-चार वेळा फ्रंटची वेळ हलली नाही तर भरवसा ठेवायचा, प्रत्येक वेळी फ्रंट पुढेमागे होत असेल तर ती विंडो नाहीच असं समजायचं. ग्रिब फाइलमधला (मॉडेलचा अंदाज बोटीवर उतरवून घ्यायची फाइल) वारा सरासरी असतो, झोत त्याहून बरेच जास्त, आणि वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो हे विसरायचं नाही. लाटांची नुसती उंची बघून पण उपयोग नाही, 12 सेकंदांनी येणारी 2 मीटरची लाट सुखाची असते आणि 5 सेकंदांनी येणारी तीच 2 मीटर हाडं खिळखिळी करते.

दोरखंड:
मी जरा वेगळं बोलणारे. थांबणं बरोबरच, पण परफेक्ट विंडोची वाट बघत बसणाऱ्या बोटीही मी त्या किनाऱ्यावर पाहिल्यात, चांगल्या विंडो त्यांच्या डोळ्यांदेखत जातात. बरेचदा मिळणारी विंडो दीड-दोन दिवसांचीच असते आणि त्यात वारा कमी असू शकतो. तेव्हा इंजिन चालवत जायचं, त्यासाठी डिझेलची टाकी आजच भरून ठेवा. पाणी भरलेलं, पुढच्या दीड दिवसाचं जेवण करून ठेवलेलं, डेकवरचं सगळं बांधलेलं, वादळी शीड हाताशी, इतकी तयारी कायम असली पाहिजे की स्किपर म्हणाले की दोन तासांत बोट बाहेर. विंडो बरेचदा पहाटे उघडते आणि तेव्हा बाजाराला धावणाऱ्या बोटीचे सहा तास तिथेच जातात.

थांबलेल्या दिवसांत डोलकाठीवर चढून प्रत्येक पिन बघा, दोर कुठे घासलाय ते बघा, सुकाणूची केबल तपासा. चिडचिड बरीचशी रिकामपणामुळे असते. आणि तिकिटाचं आजच मिटवा, ही मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. तारीख पुढे ढकला, नाहीतर त्या माणसाला इथूनच बसने किंवा विमानाने पाठवा, त्यात कमीपणा काही नाही. बोटीवर एकाच्या डोक्यात तारीख असली की ती हळूहळू सगळ्यांच्या डोक्यात शिरते आणि मग स्किपर पण अंदाजात हवं तेच वाचायला लागतो.

नवी_क्रू:
सगळ्यांचे मनापासून आभार, नकाशा समोर घेऊनच वाचलं. स्किपरना दाखवलं तर त्यांनी स्वतःची वही काढली, दर तीन तासांचं बॅरोमीटर लिहिलेलं! आता ते काम माझ्याकडे आलंय. तिकीटवाल्या मित्राशीही बोलणं झालं, तो तारीख बदलतोय. एकच शंका, सगळं बघून निघालो आणि तरी डर्बनच्या पुढे गेल्यावर नैर्ऋत्य वारा लवकर आलाच तर?

दर्यावर्दी:
तर किनाऱ्याच्या दिशेने सरकायचं, 200 मीटर खोलीच्या रेषेच्या आत. प्रवाहाचा मुख्य जोर त्या रेषेच्या आसपास आणि बाहेर असतो, आत पाणी खवळलेलं असतं पण त्या उभ्या लाटा नसतात. म्हणून बॅरोमीटर पडायला लागला, वारा ढेपाळला की लगेच वळा, वारा फिरायची वाट बघू नका, कारण मग आत यायला फार उशीर होतो. आत आल्यावर शीड कमी करून, किनाऱ्यापासून अंतर राखून, वारा उतरेपर्यंत जागा धरून राहायचं. आणि तुम्ही डर्बनवरून जाणारच आहात तर तिथे बंदराच्या तोंडाशी पोचल्यावर नवा अंदाज घ्या, 42 तास शिल्लक नसतील तर सरळ आत शिरा. रात्री पहाऱ्यावर असताना 200 मीटरची रेषा प्लॉटरवर (बोटीवरच्या नकाशाच्या पडद्यावर) ठळक करून ठेवा, आणि बॅरोमीटर तिथे तीनऐवजी दर तासाला लिहा.