मदत हवी आहे: चित्रपटगृहात संवाद कळत नाहीत, संगीत मात्र कानठळ्या बसवते

नीलमोहर: ज्या चित्रपटाच्या संवादांचे सगळीकडे कौतुक चालले आहे, तो मी काल पाहिला आणि त्यातले निम्मे संवाद मला कळलेच नाहीत. पात्रे बोलू लागली की पुटपुटल्यासारखे वाटायचे आणि पार्श्वसंगीत सुरू झाले की कान झाकून घ्यावेसे वाटायचे. अशा अवस्थेत चित्रपटाबद्दल मत तरी काय बनवणार? त्याचे खेळ आता संपत आले आहेत, म्हणून आज रात्रीच पुन्हा तिकीट काढायचे आहे. कोणत्या रांगेत बसावे, एवढेच कृपया लवकर सांगा.

शेवटची रांग: डोळे मिटून सर्वांत मागची, मधली खुर्ची घ्या. मी अनेक वर्षे तिथेच बसत आलो आहे आणि मला संवादांची अडचण कधीही आली नाही.

ध्वनिवेडा: रांग सांगण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. काल तुम्ही कुठे बसला होता? चित्रपट तुमच्या रोजच्या भाषेतला होता का? आणि याच पडद्यावर आधी पाहिलेल्या चित्रपटांतही असेच झाले होते का?

चकोर: माझ्या मते दोष चित्रपटाचाच आहे. हल्ली नट पुटपुटतात आणि दिग्दर्शकांना तेच नैसर्गिक वाटते. घरी उपशीर्षके लावून पाहा, प्रश्नच मिटेल.

नीलमोहर: घरी पाहायचा असता तर इथे विचारलेच नसते. मी डावीकडच्या टोकाला, पुढून तिसऱ्या रांगेत होते. भाषा माझीच होती. याच चित्रपटाची झलक मी मोबाइलवर पाहिली होती आणि त्यात हेच संवाद स्वच्छ कळले होते. आता रांग सांगा.

ध्वनिवेडा: मग नटांना दोष देण्याचे कारण उरत नाही. चित्रपटगृहात संवाद बहुतांशी पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात आणि आवाज अलीकडे यावा म्हणून पडद्याला बारीक छिद्रे असतात. संगीत मुख्यतः डाव्या-उजव्या आणि भिंतींवरच्या स्पीकरमधून येते. तुम्ही डाव्या स्पीकरच्या अगदी पुढ्यात बसला होता, त्यामुळे संगीत अंगावर आले आणि संवाद त्याखाली दबले. साधारण दोन तृतीयांश मागे आणि मधोमध बसा. चित्रपटातले संवाद, संगीत आणि इतर आवाज यांचे मिश्रण करणारा तंत्रज्ञही साधारण अशाच जागी बसून आवाजाचा तोल ठरवतो.

शेवटची रांग: दोन तृतीयांश काय आणि शेवट काय, फरक तो किती?

ध्वनिवेडा: फरक पडतो. शेवटच्या रांगेत मागच्या भिंतीवरचे स्पीकर डोक्याशी येतात आणि भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो. अर्थात, नीलमोहर यांच्या कालच्या जागेपेक्षा ती जागा नक्कीच बरी.

समीप: रांगेपलीकडेही एक शक्यता आहे. चित्रपटाचे मिश्रण आवाजाच्या एका ठरावीक पातळीवर होते आणि चित्रपटगृहातल्या आवाज कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर ती पातळी ७ या आकड्याने दाखवलेली असते. आवाज मोठा असल्याच्या तक्रारी आल्या की कर्मचारी तो ५ किंवा त्याहूनही खाली आणतात. ५ वर आणल्यास आवाज ६ ते ७ डेसिबलने उतरतो आणि त्यात हळू बोललेले संवाद सर्वांत आधी हरवतात.

ध्वनिवेडा: हे खरे आहे, पण त्याने संगीतही उतरले असते आणि इथे तर संगीताने कानठळ्या बसल्या आहेत. मला अधिक शंका मधल्या स्पीकरच्या वरच्या पट्टीचे, म्हणजे बारीक-तीक्ष्ण आवाज देणाऱ्या भागाची येते. तो निकामी झाला की बोलणे येते, पण 'स', 'श', 'च' यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि सगळे घोंगडीआडून बोलल्यासारखे वाटते. नीलमोहर, बोलणे हळू होते की अस्पष्ट?

चकोर: चित्र अंधारलेले होते का, हेही पाहा. त्रिमितीचा फिल्टर द्विमिती खेळालाही प्रक्षेपकाच्या भिंगापुढे तसाच राहिला की उजेड बराच कमी होतो.

नीलमोहर: चित्राबद्दल माझी काहीच तक्रार नाही. बोलणे अस्पष्ट होते. नायिका दारात उभी राहून वडिलांना काहीतरी विचारते, तो प्रसंग पूर्ण शांत आहे, संगीताचा सूरही नाही, तरी तिचा प्रश्न मला कळला नाही. आवाज पुरेसा मोठा होता, शब्द मात्र सुटे होत नव्हते.

ध्वनिवेडा: तर मग त्या पडद्यावर कोणतीही रांग घेऊन उपयोग नाही. शक्य असेल तर त्याच चित्रपटाचा दुसऱ्या पडद्यावरचा खेळ निवडा. तोच पडदा घ्यावा लागला, तर खेळ सुरू होण्यापूर्वी व्यवस्थापकांना भेटा आणि "मधल्या स्पीकरमधून शब्द अस्पष्ट येतात" एवढे नेमके सांगा. "आवाज नीट नाही" असे म्हटले की ते आवाज वाढवतात आणि संगीत आणखीच अंगावर येते.

नीलमोहर: सकाळचा खेळ दुसऱ्या पडद्यावर आहे. मागून चौथ्या रांगेतली मधली खुर्ची मिळाली आहे.

शेवटची रांग: शेवटची रांग रिकामी नव्हती का?